समरव्हिल: शिकायला मुभा, पदवीला नकार

[दृश्य: ऑक्सफर्डचा वुडस्टॉक रोड, समरव्हिल कॉलेजचं प्रवेशद्वार]

ऑक्सफर्डमध्ये अध्यापन सुरू झालं अकराव्या शतकाच्या अखेरीस. मुलींनी तिथे राहून शिकावं, अशी सोय व्हायला १८७९ साल उजाडलं. त्या वर्षी दोन वसतिगृहं उघडली. लेडी मार्गारेट हॉल अँग्लिकन पंथाचं होतं. समरव्हिलनं धर्माची अट ठेवलीच नाही. पहिल्या तुकडीत मुली होत्या बारा. नाव दिलं मेरी समरव्हिल या स्कॉटिश गणितज्ञ बाईंचं. त्या स्वतः कुठल्याच विद्यापीठात शिकलेल्या नव्हत्या!

व्याख्यानाला जायचं तर सोबतीला एखादी वडीलधारी बाई हवीच. परीक्षा देता येई, पदवी मिळत नसे.

[दृश्य: कॉर्नेलिया सोराबजी यांचं छायाचित्र]

१८८९ मध्ये इथे आल्या कॉर्नेलिया सोराबजी. जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर. गुणांच्या जोरावर इंग्लंडला जायची सरकारी शिष्यवृत्ती त्यांचीच होती, पण ती बाईमाणसाला कशी द्यायची? मग तिकडच्या हितचिंतकांनी वर्गणी काढली. त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. १८९२ मध्ये खास परवानगी काढून सोराबजी बीसीएल या कायद्याच्या परीक्षेला बसल्या. अशी परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्याच. पास झाल्या. पदवी हाती पडली १९२२ साली, म्हणजे तब्बल तीस वर्षांनी.

[दृश्य: ओरिएल कॉलेजचा चौक]

पहिल्या महायुद्धात समरव्हिलच्या इमारतींत लष्करी रुग्णालय आलं आणि १९१५ मध्ये मुलींची रवानगी झाली ओरिएल या मुलांच्या कॉलेजातल्या एका चौकात. मधली वाट विटांनी बुजवून टाकली. युद्ध संपलं, मुलं परतली. जून १९१९ मधल्या एका रात्री त्यांतल्या काहींनी कुदळीनं त्या भिंतीला भगदाड पाडलं. मग प्राचार्या एमिली पेनरोज आणि शिक्षिका आळीपाळीनं तिथे पहाऱ्याला बसल्या.

१९२० मध्ये स्त्रियांना पदव्या मिळू लागल्या. पण सातच वर्षांत विद्यापीठानं मुलींच्या एकूण संख्येवर मर्यादा घातली. ती उठली १९५७ मध्ये. याच मर्यादेच्या काळात डोरोथी हॉजकिन इथे शिकल्या, शिकवू लागल्या. पुढे त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मार्गारेट थॅचर त्यांच्या विद्यार्थिनी. इंदिरा गांधीही इथल्याच, पण त्यांचं शिक्षण आजारपणामुळे अर्धवट राहिलं.

[दृश्य: आजचं समरव्हिल, हिरवळीवर मुलं-मुली]

१९९२ साली कॉलेजनं मुलांनाही प्रवेश द्यायचं ठरवलं, तेव्हा निदर्शनं केली विद्यार्थिनींनीच. त्यांना हटवादी म्हणता येत नाही. १९७४ पासून मुलांची कॉलेजं मुलींना घेत होती खरी, पण अध्यापकांच्या खुर्च्यांवर तिथे बहुतेक पुरुषच होते. बायकांना हक्कानं शिकवायला मिळे, ते समरव्हिलसारख्या ठिकाणीच. निर्णय मात्र बदलला नाही. १९९४ मध्ये मुलांची पहिली तुकडी आत आली, आणि २००८ मध्ये सेंट हिल्डाज या ऑक्सफर्डच्या शेवटच्या महिला कॉलेजानंही तोच रस्ता धरला.