किल्ला, तळं आणि गड्डा

नमस्कार श्रोतेहो.

"किल्ल्यात शेवटचं कधी गेलात?" असं सोलापूरकराला विचारलं, की "पोरं लहान होती तेव्हा" हेच उत्तर यायचं. हुतात्मा बागेत आपण जातो, सिद्धेश्वराला जातो, गड्ड्याला, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेला, तर जातोच जातो. पण बाग, किल्ला, तळं, देऊळ आणि होम मैदान हे सगळं एकमेकांना खेटून आहे. एका सकाळी ते सलग, पायी बघा.

किल्ला बहमनी काळातला, भुईकोट. दुहेरी तट, पूर्वेला तळ्याचं पाणी आणि बाकीच्या बाजूंना खंदक. तटाजवळून जरा रेंगाळत चाला. साध्या घडीव दगडांत मधेच एखादा कोरीव दगड दिसतो, आधीच्या कुठल्या तरी इमारतीचा. आतही जुन्या मंदिराचे अवशेष आहेत. लोक मात्र सेल्फी काढून परततात!

तळ्याचं श्रेय १२व्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांना दिलं जातं. बसवेश्वरांच्या काळातले हे शिवयोगी. शहरात त्यांनी ६८ लिंगं स्थापली असं मानतात. एका कुंभारकन्येनं त्यांच्याशी लग्नाचा हट्ट धरला, तेव्हा "माझ्या योगदंडाशी लग्न कर" असं ते म्हणाले, अशी कथा आहे. तेच लग्न दर संक्रांतीच्या सुमाराला लागतं. पांढरी बाराबंदी घातलेले मानकरी सात नंदीध्वज, म्हणजे उंच मानाच्या काठ्या, तोलत आणतात. देवळाजवळच्या संमती कट्ट्यावर मंगलाष्टका संपतात आणि चहूबाजूंनी अक्षता पडतात. पुढचा होमविधी होम मैदानावर. पाळणे, खेळणी, खाऊच्या गाड्या हा गड्ड्याचा पसारा हवाच. पण अक्षता न बघता नुसता पाळण्यात बसून आलेल्याचा गड्डा मी अर्धाच धरतो.

यात्रेच्या याच आठवड्यात १२ जानेवारी येते. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं, काही दिवस इंग्रजांचा अंमलच उरला नाही, मग मार्शल लॉ आला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. काठ्यांच्या गर्दीत निघालात, तर त्या दिवशी हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी आधी दोन मिनिटं थांबा.

आणि हो, उन्हाळ्यात जाणार असाल तर ऊन चढायच्या आत तट उरकून घ्या. दुपारी तो दगड भाजून काढतो.