वेतन करार कुठे अडला आहे

(नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यातील कामगार संघटनेच्या सरचिटणीसांनी डिसेंबर 2023 मध्ये सर्वसाधारण सभेत केलेल्या भाषणाचे संपादित रूप)

सभासद बंधू-भगिनींनो,

आपला मागचा करार 31 मार्च 2022 रोजी संपला. त्याला एकवीस महिने होत आले, आणि गेटवर, बसमध्ये, कॅन्टीनच्या रांगेत मला एकच प्रश्न विचारला जातो : घोडे नेमके कुठे पेंड खाते आहे?

ते रकमेवर अडलेले नाही, हे प्रथम सांगतो. आपण महिना बारा हजारांची वाढ मागितली, व्यवस्थापन दहा हजारांपर्यंत आले आहे, आणि एवढे अंतर टेबलावर बसून मिटते. अडले आहे ते या दहा हजारांची विभागणी कशी होणार आणि त्यांच्या बदल्यात आपल्याकडून काय घेतले जाणार, या दोन मुद्द्यांवर.

व्यवस्थापनाच्या प्रस्तावात मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांत मिळून अडीच हजार आहेत. उरलेले साडेसात हजार निरनिराळ्या भत्त्यांत टाकलेले आहेत. महिन्याच्या पगारपत्रकावर बेरीज तीच दिसते. परंतु ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी संपताना सेवेबद्दल मिळणारी एकरकमी रक्कम, मोजताना फक्त मूळ वेतन आणि महागाई भत्ता धरतात, त्या रकमेला 26 ने भागून 15 दिवसांचा पगार काढतात आणि सेवेच्या वर्षांनी गुणतात. पंचवीस वर्षे सेवा झालेल्या माणसाला संपूर्ण दहा हजारांवर सुमारे 1 लाख 44 हजार रुपये जास्त मिळतील, अडीच हजारांवर मात्र 36 हजार. म्हणजे निवृत्तीच्या दिवशी एक लाखाहून अधिक रकमेचा फटका, आणि तोही पगारवाढीच्या आनंदात सही केल्यामुळे.

दुसरा मुद्दा उत्पादनाचा. मशीन शॉपमध्ये आज एका नगाचा सायकल टाइम, म्हणजे तो पुरा करायला लागणारा वेळ, 94 सेकंद आहे. तो 78 वर आणायचा प्रस्ताव आहे. जेवणाची सुट्टी वगळून साडेसात तास धरले, तर 287 नगांचे 346 नग होतात. नग सहा किलोचा. तो ट्रॉलीतून उचलून मशीनच्या फिक्स्चरवर, म्हणजे नग पकडून ठेवणाऱ्या साच्यावर, बसवायचा आणि काम झाल्यावर पुन्हा उचलून रॅकमध्ये ठेवायचा. म्हणजे 59 जादा नगांसाठी एका माणसाच्या हातून दर पाळीला सातशे किलो वजन जास्त उचलले जाणार. वेळ मोजायला आलेल्या इंजिनिअरने घड्याळ लावले ते सकाळी पाळी सुरू झाल्यावर, ताज्या हातांवर. दुपारी दोन वाजता, मनगट भरून आल्यावर, कोणीही मोजायला आले नाही. हा भार सर्वांत आधी कंत्राटी आणि शिकाऊ मुलांच्या अंगावर पडेल, ज्यांना या करारातून एक रुपयाही मिळणार नाही. पहिल्या बैठकीत आम्ही उत्पादनाचा मुद्दा नंतर बघू म्हणालो, ती कार्यकारिणीची चूक होती आणि ती मी स्वीकारतो.

करार संपला म्हणजे जुन्या सवलतीही संपल्या, अशी कुजबुज पसरवली जात आहे. ती खोटी आहे. नवा करार होईपर्यंत जुन्या कराराच्या अटी लागू राहतात, हे सर्वोच्च न्यायालयाने आयुर्विमा महामंडळाच्या प्रकरणात 1980 सालीच स्पष्ट केले आहे. शिवाय आपला वाद समेट अधिकाऱ्यांपुढे, म्हणजे दोन्ही बाजूंत तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांपुढे, आहे, आणि 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 33 नुसार अशा काळात वादाशी संबंधित सेवाशर्ती कामगारांच्या विरोधात बदलता येत नाहीत. समेटात झालेला करार कलम 12(3) खाली होतो आणि तो सर्व कामगारांना, उद्या कामावर येणाऱ्यालाही, लागू होतो. बाहेरच्या बाहेर कलम 18(1) खाली झालेला करार केवळ सही करणाऱ्या पक्षांपुरता असतो.

म्हणूनच गेल्या पंधरवड्यापासून पाळी सुटताना सुपरवायझर पुढे करत असलेले ते संमतिपत्र साधा कागद नाही. त्यात थकलेल्या पगारवाढीच्या फरकापोटी आगाऊ रक्कम आहे, आणि चौथ्या ओळीत ‘सुधारित उत्पादन मानके मान्य’ हे शब्द आहेत. एकेकाची सही जमवत गेले, की समोर बसून बोलायला संघटना उरत नाही.

तरुण सभासद संप करा म्हणतात. त्यांचा संताप मला कळतो. परंतु 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. चाळींतून किती घरे गावाकडे परतली, हे आपल्यातील अनेकांनी वडिलांच्या तोंडून ऐकले आहे. महाराष्ट्रात संपापूर्वी 14 दिवसांची नोटीस द्यावी लागते. ती द्यायची वेळ आली, तर गुप्त मतदान घेऊनच देऊ. समेटाची दारे उघडी असताना नाही.

ज्यांनी त्या पत्रावर आधीच सही केली आहे, त्यांना मी दोष देणार नाही. एकवीस महिने घर चालवणे काय असते, ते मलाही ठाऊक आहे. त्यांनी सभा संपल्यावर थांबावे. संमती मागे घेण्याचा अर्ज तयार आहे. तो दोन प्रतींत भरावा, उद्या पहिल्या पाळीत कार्यालयात द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नये.