वणा, सॅक्रामेंटो अन् पार्किंगचं तिकीट

नमस्कार मंडळी. अध्यक्षांनी दहा मिनिटं दिली, पण मागून पुडाच्या वड्यांचा वास येऊन राहिला, तेव्हा माझं कोण ऐकणार ते समजलंच.

मागच्या आठवड्यात आमचे बाबा आले, हिंगणघाट तालुक्यातल्या गावाहून. सॅक्रामेंटो एअरपोर्टचा तो पार्किंगकडं जाणारा पूल तुम्हाला माहीत आहे, खाली गालिचा आहे तो. सैयद अलावी नावाच्या कलाकाराचं काम, नाव 'फ्लाइंग कार्पेट'. विमानातून दिसते तशी सॅक्रामेंटो नदी, जवळपास ५० मैल, म्हणजे हिंगणघाट ते नागपूर धरा, वळणांसकट शेतांसकट विणलेली. आपण रोजचे तिच्यावरून बॅगा ओढत जातो. बाबा थांबले, खाली पाहिलं, "हे त नदी हाय बापू" म्हणाले, चपला काढून हातात घेतल्या अन् चालू लागले. मागून पोरीनंही बूट काढले, अर्ध्यात येऊन मला विचारते, "पप्पा, ही नदी आपली आहे का?"

मी पार्किंगचं तिकीट शोधत होतो.

आता कलेतलं मला काय समजते, आमच्याकडं पेंटिंग म्हणजे पोळ्याला बैलाची शिंगं रंगवणं. पण ते 'आपली' काही डोक्यातून जाईना. लंडनच्या हीथ्रो एअरपोर्टच्या टर्मिनल २ मध्ये रिचर्ड विल्सनचं 'स्लिपस्ट्रीम' नावाचं शिल्प आहे, ७८ मीटर लांब, स्टंट विमानानं हवेत घेतलेली गिरकी जशीच्या तशी ॲल्युमिनियमची केलेली, अन् खालून जाताना आपल्याला चिंता कसली, तर बॅगेतलं लोणचं सांडलं का.

अन् नकाशाचं म्हणाल तर ती घरचीच गोष्ट आहे. १८०२ मध्ये मद्रासपासून देशाची मोजणी सुरू करणारा विल्यम लॅम्ब्टन, अर्ध्या टनाचं थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, देवळांच्या गोपुरांवर चढवून त्रिकोणामागं त्रिकोण मोजत वर सरकणारा माणूस, तो १८२३ मध्ये नागपूरच्या वाटेवर हिंगणघाटलाच वारला, कबरही तिथंच. आपण नागपूरला झिरो माइलच्या घोड्यांपाशी फोटो काढतो, ग्रुपवर टाकतो, झालं. लॅम्ब्टनच्या कबरीवर या हॉलमधलं कोण गेलं, हात वर करा बरं! कोणीच नाही. मीही नाही, अन् मी कॉलेज हिंगणघाटला केलं.

पोरगी आता घरी नकाशा काढून राहिली. आबाजी सांगतात, ती काढते, इथं आपली वणा नदी, इथं नाला, हे आपलं वावर. धुरा कुठवर म्हणून मला विचारलं तर मी बाबांकडं पाहिलं. बाबा सातबाऱ्याचे कागद घेऊन आले आहेत, माझं नाव चढवायचं म्हणून, अन् त्यावरून घरात रोज किटकिट. बायको म्हणते विकून टाका, कपाशी कोण पाहणार, मी म्हणतो मक्त्यानं देऊ, बाबा काहीच बोलत नाहीत, अन् पोरगी म्हणते उन्हाळ्यात आपली नदी पाहायला जाऊ. तिकिटं तर काढली, पण मे महिन्यात वणेत पाणी किती राहते ते तुम्ही जाणता, अन् तोवर वावर तरी आपलं राहते का, ते काही ठरलं नाही. कोणाच्या घरी असा तोडगा निघाला असेल तर जेवताना माझ्यापाशी येऊन बसा.