मातयेचो रंग ना

(पावसाचा आवाज. शाळेच्या पायऱ्यांवरून वाहणारं तांबडं पाणी.)

जूनचा शेवटचा आठवडा. डिचोली तालुक्यातल्या एका गावातली मराठी प्राथमिक शाळा. दोन खोल्या, पुढे ओसरी, ओसरीसमोर फणस. पाऊस जोरात आला की पत्र्यावर असा आवाज होतो की पाढे म्हणून उपयोग नसतो. अशा वेळी टीचर मुलांना कागद देतात. काढा, काय हवं ते काढा.

त्या दिवशी बहुतेकांनी पाऊसच काढला. एक मुलगी, नुकतंच सहावं लागलेली, खडूंची पेटी उपडी करून बसली होती. बारा खडू. तिने एकेक उचलून पाहिला, परत ठेवला आणि म्हणाली, “टीचर, हातूंत मातयेचो रंग ना.” कोंकणीत. ह्यात मातीचा रंगच नाही.

टीचरांनी तपकिरी पुढे केला. नाही. लाल? नाही. केशरी? तोही नाही. मग ती उठली, ओसरीच्या कडेला गेली, पायरीवरून वाहणाऱ्या पाण्यात कागदाचा कोपरा बुडवला आणि तो गळता कागद घेऊन परत आली. “हो पळय.” हा बघ.

(कागदाचा तांबडा कोपरा, जवळून.)

तो कागद अजून वर्गाच्या भिंतीवर आहे. ही फिल्म त्याच कोपऱ्यातून निघाली. कारण टीचर “तपकिरीच लाव, चालतं” असं म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “मग हा रंग आपण करायचा कसा?”

पर्यटनाच्या जाहिरातीतला गोवा निळा असतो. पणजीत फोंतेनयासच्या गल्ल्यांत तो पिवळा, निळा, हिरवा होतो. डिचोली-सत्तरीकडे आलात की मात्र तांबडा. घरांच्या चिऱ्यांत तांबडा, रस्त्याच्या कडेला तांबडा, उन्हाळ्यात पानांवर बसलेल्या धुळीत तांबडा. हा जांभा. लाखो वर्षांच्या पावसाने खडकातलं धुऊन जाण्याजोगं ते धुऊन नेलं; मागे राहिलं त्यात लोह पुष्कळ. ते हवेने, पाण्याने गंजलं. आपण ज्याला मातीचा रंग म्हणतो तो या गंजाचा रंग आहे. याच लोहासाठी या भागातले डोंगर खणले गेले.

हे पाच-सहा वर्षांच्या मुलांना सांगायचं कसं? टीचरांनी सांगितलंच नाही. एका ताटलीत ओला कापूस पसरला, त्यावर चार खिळे ठेवले आणि ताटली खिडकीत ठेवून दिली. रोज सकाळी प्रार्थनेनंतर सगळ्यांनी बघायचं, हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी थोडं. तिसऱ्या दिवशी कापसावर नारिंगी डाग. चौथ्या दिवशी बालवाडीतला एक जण ओरडला, “खिळ्याक माती लागल्या!”

कुणी त्याला “माती नव्हे, गंज” म्हणून दुरुस्त केलं नाही. मला विचाराल तर पाच वर्षांचं मूल भूगर्भशास्त्राच्या इतकं जवळ क्वचितच जात असेल. आणि पुढचा प्रश्न मुलांचाच होता: माती खिळ्यातून येते, की खिळा मातीतून? दोन दिवस भांडण चाललं. तिसऱ्या दिवशी एका मुलीचे आजोबा शाळेत आले. आयुष्य खनिजाच्या ट्रकवर गेलेले. त्यांनी पिशवीतून एक जड, काळपट तांबडा दगड काढला आणि सगळ्यांच्या हातांवरून फिरवला. “ह्याच्यापासून लोखंड करतात,” म्हणाले. वर्ग गप्प. मग एका मुलाने दगड नाकाला लावून हुंगला.

(आईस्क्रीमचे रिकामे डबे, ओळीने. प्रत्येकात माती.)

पुढच्या आठवड्यात प्रत्येकाने आपल्या अंगणातली मूठभर माती आणली. एकाच गावातली माती, म्हणजे एकच रंग, असं आम्हालाही वाटलं होतं. सतरा डबे ओळीने ठेवले तेव्हा लक्षात आलं की कुठलेही दोन डबे एकसारखे नाहीत. एक विटेसारखी, एक हळदीकडे झुकणारी, एक जवळजवळ जांभळी. नदीकाठची करडी. आणि एकाने मामाच्या गावाहून, मांडवीकाठच्या खाजनातून, म्हणजे खाऱ्या पाण्याकाठच्या बांध घातलेल्या शेतातून, आणलेला काळा चिखल. त्याला खारट वास येत होता आणि सगळ्यांना तोच हवा होता.

माती वर्तमानपत्रावर पसरून वाळवायची. पावसाळ्यात त्याला चार दिवस लागतात, आणि हे चार दिवस फुकट जात नाहीत. ओली माती गडद, वाळली की फिकी: कुणीही न शिकवता मुलांनी हे टिपलं, आणि मग शाळाभर तेच सुरू झालं. ओली भिंत, वाळलेली भिंत. ओली चप्पल, वाळलेली चप्पल. वाळलेली माती दगडाने कुटायची, जुन्या साडीच्या तुकड्यातून गाळायची, डिंकाच्या पाण्यात कालवायची. डिंक कमी पडला तर वाळल्यावर रंग बोटाला लागून येतो. जास्त झाला तर कागद आखडतो. किती घालायचा हे मुलांनी कागद वाया घालवूनच ठरवलं. टीचरांनी ते कागद टाकले नाहीत, ओळीने लावून ठेवले.

डिचोलीत कुंभार आहेत. एक दिवस मुलं त्यांच्याकडे गेली. कच्चं मडकं आणि भाजलेलं मडकं शेजारी शेजारी ठेवलेलं पाहिलं आणि “आग पण रंग देते” हे वाक्य घेऊन परत आली. त्यावर फार काही बोलणं झालं नाही. तेवढं पुरेसं होतं.

(पांढरा शर्ट, बाहीवर लाल डाग.)

रंग बदलतो, ही गोष्ट मात्र वर्गाला सोडेना. याला कारण एक शर्ट. आमटीचा पिवळा डाग पडला, आईने साबण लावला आणि डाग लाल झाला. हे प्रत्येक घरात घडतं आणि प्रत्येक घरात आई वैतागते. वर्गात त्याचा प्रयोग झाला. कागदाला हळद चोळली, त्यावर ओल्या साबणाने बोट फिरवलं. पिवळ्यावर लाल रेघ. चुना लावला तर आणखी गडद. चुना त्वचेला आणि डोळ्यांना बाधतो, म्हणून तो टीचरांनीच लावला, मुलं दोन हात लांब. एकीने लगेच ओळखलं: कुंकू! हळद आणि चुन्यापासून कुंकू करायची जुनी पद्धत हीच. तिच्या पणजीला ती ठाऊक असणार.

मग जास्वंद आली. लाल पाकळी कागदावर रगडली की उमटतो जांभळा. त्या जांभळ्यावर लिंबू पिळलं की गुलाबी, खायचा सोडा टाकला की हिरवट निळा. मुलांना वाटलं टीचर जादू करताहेत. टीचरांनी लिंबू मुलांच्या हातात दिलं. पाकळीतल्या रंगद्रव्याला आंबट भेटलं की ते एक रूप घेतं, सोड्यासारखं काही भेटलं की दुसरं. हे नाव-गाव पुढे कधीतरी वरच्या वर्गात कळेल. तेव्हा मुलांना आपल्या बोटांचा रंग आठवेल, अशी माझी फार इच्छा आहे.

तांबड्या भाजीचं पाणी, सोलांचं पाणी, करवंटीचा कोळसा, सगळं येऊन गेलं. अर्धा झाकलेला हळदीचा कागद उन्हात ठेवला तर उघडी बाजू विटते, हेही झालं. पण ऊन मिळायलाच श्रावण उजाडावा लागला.

आता एका मुलाबद्दल. पहिलीतला. डबे लावताना तो काही हिरवी पानं आणि काही तपकिरी माती एकाच गटात ठेवायचा. कार्यपुस्तिकेत त्याच्या रंगांच्या पानावर चुकीच्या खुणा होत्या. या वर्गात ते चूक म्हणून आलं नाही. त्याला हे दोन सारखे दिसतात, एवढंच समोर आलं. टीचरांनी महिनाभर नुसतं पाहिलं, मग त्याच्या आईला बोलावून डोळे तपासून घ्या म्हणाल्या. लाल-हिरव्यातला फरक न दिसणं मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये कितीतरी जास्त असतं, आणि अशी किती मुलं “लक्ष देत नाही” म्हणून ओरडा खात मोठी होतात, या विचाराने आम्हाला त्या दिवशी शूटिंग पुढे नेववेना. हा मुलगा माती इतकी बारीक गाळतो की सगळे आपला डबा त्याच्याकडे आणतात. कुठली माती कुणाची, हे तो वासावरून आणि चिमटीवरून सांगतो.

तान्ह्या बाळाला चार-पाच महिन्यांत रंगांतला फरक चांगला दिसू लागतो. रंगांची नावं मात्र जागच्या जागी बसायला तीन-चार वर्षं जातात. साहजिक आहे. “खुर्ची” म्हटलं की खुर्ची दाखवता येते. “लाल” म्हटलं की मिरची, बस, टिकली, फाटलेलं ढोपर, काय काय दाखवायचं? आपण मोठी माणसं घाई करतो. सफरचंद लाल, पान हिरवं, आकाश निळं. डिचोलीतल्या जुलैमध्ये आकाश निळं कुठे आहे?

मराठीने अशी घाई केलेली नाही. आपल्याकडे आमसुली आहे, आबोली आहे, अंजिरी, डाळिंबी, विटकरी, मोरपंखी, गव्हाळ. आधी वस्तू हातात आली, मग रंगाला तिचं नाव मिळालं. आजीच्या अंबाड्यात आबोलीची फाती पाहिलेल्या मुलाला तो रंग वेगळा शिकवावा लागत नाही. टीचरांनी मुलांना सांगितलं, तुमच्या रंगांच्या बाटल्यांना तुम्हीच नावं द्या. नावं आली: चिऱ्याचा. खाजनी. आजीच्या उंबऱ्याचा. शर्टावरचा. एका बाटलीवर नुसतं लिहिलं आहे, “पायरी.” ती कुणाची, ते तुम्ही ओळखलं असेल.

२०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वयाच्या मुलांसाठी खेळातून, शोधातून शिकणं मांडलं, त्याचं स्वागत. पण मराठी माणसाला हे नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ पासून बोर्डीला, पुढे कोसबाडला शंख-शिंपले, बिया, पानं, खडे घेऊनच मुलांबरोबर बसल्या. विकत आणलेल्या साधनांवाचून त्यांचं अडलं नाही.

(देवळाची जुनी भिंत. पांढऱ्यात तांबडी वेलबुट्टी.)

ऑगस्टमध्ये मुलं एक भिंत पाहायला गेली. ही कावी. काव म्हणजे तांबडी माती. शिंपले भाजून केलेल्या चुन्याचा गिलावा, त्यावर तांबड्या रंगाचा थर, आणि तो थर ओला असतानाच टोकदार अवजाराने खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. गोवा, सिंधुदुर्ग आणि कर्नाटकाच्या किनाऱ्यावरच्या जुन्या देवळांत ही कला दिसते. नव्या ऑइल पेंटखाली ती गडपही होते आहे. मुलांनी भिंतीकडे पाहिलं आणि एकदम म्हणाली, “चिऱ्याचा!” त्यांच्या बाटलीतला रंग देवळाच्या भिंतीवर होता. शाळेत परत आल्यावर पुठ्ठ्याला मेणबत्ती घासली, वर मातीचा रंग जाड लावला, आणि झाडूच्या हिराने मासे, फुलं, ट्रक कोरले. ट्रक सर्वांत जास्त.

मग चवथ. शाळेला सुट्टी. घरोघरी गणपतीवर माटोळी, म्हणजे मूर्तीच्या वर टांगायची लाकडी चौकट, बांधली गेली: सुपारीचे घड, नारळ, चिबूड, तोरिंगं, आंबाडे, फागलां, रानातली फळं आणि फुलं.

सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी ती पायरीवाली मुलगी माटोळीतलं एक केळं घेऊन आली. देठाकडे हिरवं, मधे पोपटी, टोकाला पिवळं. टीचरांनी रिकामी चिठ्ठी पुढे केली. ह्या रंगाचं नाव काय लिहायचं?

तिने केळं खिडकीत, खिळ्यांच्या ताटलीशेजारी ठेवलं. चिठ्ठी परत दिली.

“टीचर, हें अजून पिकता.”

(खिडकी. सकाळ. बाहेरून धावत येणाऱ्या पावलांचा आवाज.)