क्लच घ्यायला येताना जुनी प्लेट घेऊन या

नमस्कार मंडळी. चांगला क्लच कुठला ते सांगा म्हणून मला बोलावलंय, म्हणजे मी एका कंपनीचं नाव घेईन आणि खाली बसेन असं तुम्हाला वाटत असेल. तसं काही होणार नाहीये. ट्रक गॅरेजला लागला की मालकाचा फोन येतो, क्लच सेट केवढ्याला पडेल? मी विचारतो जुनी प्लेट कुठंय, तर ती भंगारात गेलेली. अहो, पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट फाडून टाकायचा आणि मग विचारायचं माणूस कशानं गेला!

म्हणून आज चार प्लेटा आणल्यात. इंजिनाच्या मागच्या जड चाकावर, म्हणजे फ्लायव्हीलवर, ही प्लेट दाबून बसते आणि इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला देते. ही पहिली, लायनर, म्हणजे वरचा घासणारा थर, सगळीकडून सारखा झिजलाय, रिव्हेटला टेकलाय, जळल्याची खूण कुठं नाही. हिचं वय झालं, गेली. हिच्यासारखीच दुसरी टाका, विषय संपला.

दुसरी बघा, काळी ठिक्कर. हिच्या फ्लायव्हीलवर निळे डाग होते. ही हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून ठेवल्यानं, मेलीय. कसारा घाटात जाम लागला की आपला ड्रायव्हर चढावर गाडी ब्रेकवर धरत नाही, क्लचवर धरतो, आणि वरून मालकाला सांगतो की माल डुप्लिकेट होता. आता इथं लोक म्हणतात, मग सिरॅमिक बटणवाली प्लेट टाका, ती जळत नाही. उष्णता ती जास्त सोसते हे खरंय, पण ती पकडते एकदम, आणि तो धक्का कुठंतरी जाणारच ना, तो जातो गिअरबॉक्सला, मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला, मागच्या अॅक्सलमधल्या क्राउन पिनियनला, वर फ्लायव्हीलही लवकर खाते. खाणीत टिपर चालवताय, दिवसभर चढावर भरलेली गाडी उचलायचीय तर तिचा विचार करा. बंदरावरून कंटेनर घेऊन सरळ हायवेला पळणाऱ्या गाडीला साधा ऑरगॅनिक लायनर बरा, ड्रायव्हरचा पायही शिव्या देत नाही.

तिसरीवर ऑइल आहे, हात लावून बघा. इंजिनाचं मागचं सील नाहीतर गिअरबॉक्सचं पुढचं सील गळतंय. ते तसंच ठेवून जगातली सगळ्यात महाग प्लेट टाकली तरी ती ऑइलच पिणार.

आणि ही चौथी. हिचा लायनर बघा, अर्ध्याहून जास्त शिल्लक आहे, पण मधल्या स्प्रिंगा तुटल्यात. ही माझी आवडती, कारण हिच्यावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात. इंजिन आपल्याला एकसारखं फिरतंय असं वाटतं पण तसं नसतं, सहा सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात तीन झटके देतं, आणि ते झटके गिअरबॉक्सपर्यंत जाऊ नयेत म्हणून प्लेटच्या मधे या स्प्रिंगा असतात. आरपीएम जेवढा कमी तेवढा झटका जास्त जाणवतो. नवी इंजिनं ताकद खालीच देतात, हजार-बाराशेच्या आसपास, आणि मायलेजसाठी आपणच ड्रायव्हरला सांगतो की टॉप गिअरला बाराशेवर ठेव. म्हणून या इंजिनांच्या प्लेटमधल्या स्प्रिंगा त्या हिशोबानं वेगळ्या बनवलेल्या असतात. आता तुम्ही दुकानात जाऊन नुसतं ‘चारशे तीसची द्या’, म्हणजे ४३० मिलिमीटर व्यासाची, म्हटलं की तो जुन्या मॉडेलची प्लेट देतो, व्यास तोच, शाफ्टवर बसणारे मधले स्प्लाइनचे दाते तेवढेच, बसतेही झकास, गाडी निघतेही. मग न्यूट्रलला गिअरबॉक्स खडखड करायला लागतो आणि एक दिवस ही अशी प्लेट हातात येते. पार्ट नंबर बघा, चेसिस नंबर द्या. नुसता आकार म्हणजे नुसतं आडनाव.

मोठी प्लेट टाकू का, हा प्रश्न दरवेळी येतो. ३८०, ३९५, ४३० मिलिमीटर ही आपल्याकडची मापं, पण प्लेटला दाबून धरणाऱ्या प्रेशरप्लेटचे बोल्ट फ्लायव्हीलला बसायला पाहिजेत, मनात आलं म्हणून वाढवता येत नाही. २०१८ ला पासिंग, म्हणजे मालासकट गाडीचं कायद्यानं चालणारं वजन, वाढलं, दहा टायरी २५ टनांची साडेअठ्ठावीस झाली, आणि त्याच्याही वर आपण काय भरतो ते मी इथं माइकवर बोलत नाही. क्लच इंजिनाच्या टॉर्कपेक्षा थोडा जास्त पेलेल असा बनवलेला असतो, पण वजन वाढलं की गाडी हलेपर्यंत तो जास्त वेळ घसरतो, तिथं तो तापतो.

पैसे वाचवायचे तर इथं नका वाचवू: नवी प्लेट आणि जुनी प्रेशरप्लेट. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी दोन्ही वेळा तेवढीच आहे. रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग सोबतच बदला. फ्लायव्हीलला वरवरचे बारीक तडे असतील तर लेथवर मारून घ्या, खोल असतील तर फ्लायव्हीलच बदला, आणि पायरीवालं, म्हणजे दोन उंचीचं, फ्लायव्हील असेल तर दोन्ही पातळ्या सारख्याच कापायला सांगा, नाहीतर प्रेशरप्लेटचा दाबच बदलतो.

शेवटी माझीच एक सांगतो. शिकाऊ होतो तेव्हा गिअरबॉक्स चढवताना जॅक थोडा खाली राहिला, आम्ही अख्खा बॉक्स शाफ्टवर लटकता ठेवून चहाला गेलो. कोरी ओरिजिनल प्लेट, तिचा मधला भाग, हब, वाकला, क्लच नीट सुटेचना, गिअर पडताना करकर. मालकानं दुकानदाराशी कचाकचा भांडण केलं आणि मी गप्प उभा. दुसऱ्यांदा बॉक्स उतरवला तेव्हा उस्तादानं प्लेट हातात फिरवून बघितली आणि माझ्याकडे बघितलं, बोलला काहीच नाही, पण त्या आठवड्याचा पगार काही मिळाला नाही.

या आता पुढं, चारही प्लेटा हातात घेऊन बघा, खाली कापड ठेवलंय पुसायला.