दीड मिलिमीटरची वाट

(पडद्यावर : टेबलावर काडतुसांच्या पितळी कवचांची, म्हणजे केसेसची रांग, शेजारी बंदुकीची दारू मोजायचा काटा.)

अमेरिकेत कितीतरी नेमबाज आपली काडतुसं घरीच भरतात. झाडलेली केस पुन्हा मापात आणायची, बुडाशी नवा प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी छोटी टोपी बसवायची, ग्रेन या बारीक वजनात मोजून दारू ओतायची, वर गोळी दाबायची. सगळ्यांचे डोळे काट्यावर. पण दारू जळल्यावर आत दाब किती चढेल हे काटा एकटा ठरवत नाही. निम्मं उत्तर रायफलीच्या पोटात असतं.

.२२३ रेमिंग्टन आणि ५.५६ नाटो ही काडतुसं शेजारी ठेवली, तर आकारावरून वेगळी ओळखता येत नाहीत. फरक आहे चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीच्या घशात. केसमधून सुटलेल्या गोळीला रायफलिंगच्या, म्हणजे नळीत आतून कोरलेल्या पीळदार आट्यांना भिडण्याआधी थोडी गुळगुळीत वाट मिळते. .२२३ च्या प्रमाणित चेंबरमध्ये ती ०.०२५ इंच, जेमतेम ०.६ मिलिमीटर. ५.५६ मध्ये ०.०५९ इंच, म्हणजे दीड मिलिमीटर.

(पडद्यावर : उभ्या छेदातलं चेंबर. गोळी संथपणे आट्यांकडे सरकते.)

एवढ्याशा अंतरानं काय होतं? कोंडलेली दारू दाब वाढला की आणखी वेगानं जळते, आणि त्या जळण्यानं दाब आणखी चढतो. गोळी पुढे सरकेल तशी वायूला जागा मिळते. ती सुरुवातीलाच आट्यांत अडली, तर जागा होण्याआधीच दाब उसळतो. हे सारं एका मिलिसेकंदाच्या आत. म्हणूनच नाटोचं काडतूस .२२३ च्या चेंबरमध्ये झाडू नका, असं अमेरिकेतली मानक ठरवणारी संस्था ‘सामी’ बजावते.

नाटोच्या दाबाचा आकडा सामीच्या आकड्याशेजारी मांडून वाद घालणारे खूप भेटतात. तो वाद फोल आहे. दोघांची दाब मोजायची जागाच वेगळी.

बॅरलचा, म्हणजे नळीचा आतला व्यास थोडा तंग असला, तरीही दाब वाढतो. लांबीवर मात्र उगाच संशय घेतला जातो. दाबाचं शिखर गोळी काही सेंटिमीटर सरकेपर्यंतच येऊन जातं. उरलेली लांबी मुख्यतः वेग देते.

चपटा झालेला प्रायमर, चेंबर मागून बंद करणारा बोल्ट जड उघडणं, या जादा दाबाच्या खुणा दिसेपर्यंत बहुधा मर्यादा ओलांडलेली असते. म्हणून जाणता माणूस बॅरल बदलली की वहीत नवं पान उघडतो, आणि काडतूस-भरणीच्या पुस्तकातल्या दारूच्या कमाल मापाच्या दहा टक्के खालून पुन्हा चढायला लागतो.