लाकडी फळं परदेशी पाठवताना: आधी रंगाचा डबा तपासा

सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी फळं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. हीच फळं मुलांचं खेळणं म्हणून अमेरिकेत किंवा जर्मनीत विकायची असतील, तर सर्वांत जास्त अडतं ते रंगावर. फळ दिसलं की लहान मूल ते तोंडात घालतं, म्हणून ही कडक तपासणी मला रास्तच वाटते.

अमेरिकेत 2008 च्या कायद्यानुसार रंगाच्या थरात शिसं 90 पीपीएमच्या वर चालत नाही. म्हणजे एक किलो सुकलेल्या रंगात जास्तीत जास्त 90 मिलिग्रॅम. आपल्याकडेही नोव्हेंबर 2017 पासून हीच मर्यादा आहे. पण ती घरगुती आणि सजावटीच्या रंगांना. औद्योगिक इनॅमल तिच्यात येत नाही, आणि दुकानात दोन्ही डबे शेजारीशेजारी मांडलेले असतात. पिवळा आणि केशरी हे खास जोखमीचे. लेड क्रोमेट हे शिसं असलेलं पिवळं रंगद्रव्य स्वस्त पडतं आणि एका हातातच लाकूड झाकतं. त्याच पिवळ्यात निळा मिसळून हिरवा केला, तर शिसं त्यातही गेलंच. मग पांढरा मुळा पास होतो आणि आंबा नापास.

नापास मालावर चांगल्या रंगाचा आणखी एक हात मारून सुटका होत नाही. प्रयोगशाळा रंग थेट लाकडापर्यंत खरवडते, त्यामुळे खालचा थर नमुन्यात येतोच.

युरोपची पद्धत वेगळी. ईएन 71 या खेळण्यांच्या सुरक्षेच्या युरोपीय मानकाच्या तिसऱ्या भागानुसार खरवडलेला रंग पोटातल्या आम्लासारख्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात 37 अंशांवर दोन तास ठेवतात आणि किती शिसं विरघळलं ते मोजतात. मर्यादा किलोला 23 मिलिग्रॅम. शिशाबरोबर इतर मूलद्रव्यंही पाहतात. त्यामुळे एका बाजारपेठेचा अहवाल दुसरीकडे दाखवून भागत नाही.

खर्च वाचवायचा एक रीतसर मार्ग आहे. अमेरिकी नियमांत सुटा घटक तपासून घेता येतो. प्रत्येक रंगाचा सुकलेला थर एकदा तपासून घ्या आणि त्याच बॅचचा रंग सगळ्या फळांना वापरा. डब्यावरचा बॅच क्रमांक वहीत उतरवा, कोणत्या तारखेला कोणता माल रंगवला तेही लिहा. रंगाचा पुरवठादार बदलला की नवी चाचणी आली. प्रक्रिया न केलेल्या नैसर्गिक लाकडाला मात्र शिशाच्या चाचणीतून सूट आहे. प्लायवूडला ही सूट लागू आहे असं धरून चालू नका.

आता देठ. तो सुटला तर मुलाच्या घशात अडकू शकतो. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्यातून सुटलेला तुकडा 31.7 मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात पूर्ण मावला, तर खेळणं बाद. दीड वर्षाखालच्या मुलांचं खेळणं अमेरिकी चाचणीत सुमारे 138 सेंटिमीटरवरून दहा वेळा पाडतात. युरोपात देठ ओढूनही पाहतात. कोकणातल्या पावसाळी हवेत जोडलेलं लाकूड तिकडच्या कोरड्या, तापवलेल्या घरात आकसतं आणि डिंकाचा जोड सैल होतो. म्हणून लाकूड नीट सुकवा, आणि जमेल तिथे देठ फळाच्याच ठोकळ्यातून कोरा. खोक्यावर ‘तीन वर्षांपुढे’ छापलं म्हणून सुटका नाही. खेळण्याचा आकार-रूप कोणत्या वयाला ओढतं, तेही तपासणारा पाहतो.

कागदपत्रांत सगळ्यात मोठा गैरसमज प्रयोगशाळेचा. अमेरिकेसाठी तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने त्या विशिष्ट चाचणीसाठी स्वीकारलेलीच प्रयोगशाळा लागते. फक्त भारतीय मान्यता पुरत नाही. अहवालाच्या आधारे प्रमाणपत्र देण्याची जबाबदारी तिथल्या आयातदाराची. त्यातली माहिती 8 जुलै 2026 पासून माल पोहोचताना ऑनलाइन भरायची आहे, त्यामुळे अहवाल जहाज निघण्याआधी हातात हवा. सलग उत्पादन असेल तर साधारणपणे वर्षातून एकदा तरी फेरचाचणी.

युरोपचं सीई चिन्ह, म्हणजे मालाने तिथले नियम पाळल्याची खूण, कुठल्या कचेरीतून मिळत नाही. मानकं पूर्ण पाळली असतील तर उत्पादक स्वतः घोषणापत्र करतो, चिन्ह निदान 5 मिलिमीटर उंचीचं लावतो आणि तांत्रिक फाइल 10 वर्षं जपतो. आयातदाराचं नाव-पत्ताही लागतो.

अमेरिकी मालावर उत्पादकाचं नाव, ठिकाण, तारीख आणि बॅच सांगणारी खूण कायमची हवी, खेळण्यावर आणि वेष्टनावरही. सुटणारं कागदी लेबल चालत नाही. फळाच्या बुडाला ती डागून घ्या, आणि तोच क्रमांक रंगाच्या वहीत असू द्या.